बंद पॉइंट

आयुष्यभर वायरमनकी केलेल्या आप्पांच्या खोलीतलाच पॉइंट बंद होता. "हात थरथरतो रे आता," म्हणत त्यांनी तो तसाच ठेवला होता. जुना फोन चार्ज व्हायला तीन तास घ्यायचा. मग रोज संध्याकाळी आप्पा हॉलमधल्या पॉइंटपाशी खुर्ची ओढून बसत. नातीचे पाढे, सुनेचं हसणं, मुलाची कुरकुर, सगळं कानावर पडे.

मुलाला त्यांची दया आली. दुकानात तीन फास्ट चार्जर लावून बघितले, जुन्या फोनला मानवला तो घेतला आणि घरी घड्याळ लावून तपासला.

"आप्पा, तासाभरात फुल! आता इथं ताटकळत बसायला नको. जा, खोलीत निवांत पडा."

"आजोबा सुटले!" नातीने टाळ्या वाजवल्या.

"आणि त्या पॉइंटसाठी उद्या माणूस बोलावतो."

"नको, नको! राहू दे," म्हणत आप्पा फोन घेऊन उठले.


बायको गेली त्याच महिन्यात, एका दुपारी, त्यांनीच त्या पॉइंटची वायर सोडवून ठेवली होती. हात जरासुद्धा थरथरला नव्हता.