मागच्या सीटवरची बाई

दुष्काळाच्या साली मोठ्या गाड्या पडेल भावात निघाल्या, तसे औशाचे नागप्पा बायको जगदेवीला घेऊन लातूरला आले. वर्षानुवर्षं मनात धरलेली जर्मन गाडी दलालाकडे उभी होती. जुनी, काळीभोर, पण दमदार.

"चालवून तर बघा, मालक," म्हणत दलालानं चावी दिली.

नवराबायको दोघंच निघाले. मोकळा रस्ता लागताच नागप्पांनी पाय दाबला आणि गाडी वाऱ्यासारखी सुटली. खुशीत त्यांनी आरशात पाहिलं.

मागच्या सीटवर एक बाई बसली होती. सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवत ती पुढे बसलेल्या जगदेवीकडे बघत होती.

त्यांनी मान वळवली, तर सीट रिकामी. आरशात मात्र ती होतीच.

जगदेवी घाबरेल म्हणून ते काही बोलले नाहीत. गाडी तशीच वळवली आणि चावी दलालाच्या हातात ठेवली. "न्हाई बा, आपल्याला न्हाई झेपायची."

परतीच्या एसटीत बसल्यावर कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला. ते मोठ्यानं हसले. "सुटलो बघ! पानी दे, लई तहान लागली."

जगदेवीनं पिशवीतली बाटली काढून उलटी धरली. थेंबही पडला नाही.

"मागच्या बाईनं सगळंच पिलं की हो," ती म्हणाली.