पलीकडचा खेळाडू

अर्धांगवायूनंतर हाताला व्यायाम म्हणून सुनेने म्हाताऱ्या गवंड्याला टॅबवर विटा फोडायचा खेळ लावून दिला. खालची फळी बोटाने सरकवायची, चेंडू परतवायचा आणि वरची भिंत फोडायची. जन्मभर विटा रचल्या, आता फोडणं नशिबी आलं, म्हणून तो स्वतःशीच हसायचा.

एका दुपारी चेंडू भगदाडातून पलीकडे गेला आणि बराच वेळ आलाच नाही. मग आला तो अगदी सावकाश, नेमका त्याच्या फळीवर. तान्ह्याकडे टाकावा तसा.

"सूनबाई, पलीकडून कोण खेळतंय?"

"कुणी नाही हो, बाबा. एकट्याचाच खेळ आहे तो."

पण विटा आता पलीकडूनच फुटत होत्या. घाव पुढून बसला की मागून, हे गवंड्याच्या कानाला कळतंच. एकच वीट उरली. त्याने घाईघाईने टॅब बंद केला, उशीखाली पालथा घातला आणि चांगल्या हाताने उशी दाबून धरली.

खोलीत शांतता पसरली.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत, खाटेलगतच्या भिंतीवर, बाहेरच्या बाजूने पहिला घाव बसला.