नऊ चौकटींचा कागद

"बाकी स्वच्छ. चल, पुढचा," म्हणत ताईने मॉनिटर बंद केला. वहिनीने गुपचूप कागदावरच्या सातव्या चौकटीत फुली मारली.

स्वच्छ कसला! बंद होण्याआधी काळ्याकुट्ट पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात मागचा उजेड झिरपत होता. सांडलेलं दूध घाईघाईने पुसलं की राहतो ना, तसा पुसट डाग. वहिनीला दिसला. ताईला दिसला नाही.

कारखान्यात डेस्कटॉपचे बिघडलेले मॉनिटर यायचे आणि दुरुस्त होऊन जायचे. जाण्याआधी प्रत्येकाची शेवटची तपासणी या अंधारखोलीत. पडदा आधी पूर्ण काळा करायचा, मग पांढरा, आणि कुठे उजेड गळतो, कुठे कमी पडतो ते बघायचं. पडद्याचे नऊ भाग मानलेले, कागदावर तशाच नऊ चौकटी. एकीने बघून डाग असलेल्या चौकटीचा नंबर सांगायचा, दुसरीने मिणमिणत्या लाल दिव्यात कागदावर फुली मारायची. बघणारीने लिहायचं नाही, लिहिणारीने बघायचं नाही, असा मालकांचा नियम होता.

बघणारी ताई, साठीला टेकलेली. कारखान्यातले लोक तिला पाठीमागे घुबडताई म्हणत, कारण अंधारात तिच्या नजरेतून काही सुटत नसे. लिहिणारी म्हणजे तिच्या धाकट्या भावाची बायको, सगळ्या कारखान्याची वहिनी. नवऱ्याची पाठ गेली, तो घरी बसला, तेव्हा ताईनेच मालकांकडे शब्द टाकून तिला इथे आणलं. "हिला काय जमणार?" असं मालक तोंडावर म्हणाले होते. वहिनीलाही तसंच वाटत होतं.

वहिनी आल्यावर दोनच महिन्यांत ताई चुकायला लागली. सुरुवातीला तर ढळढळीत चुका, आंधळ्यालाही दिसावेत असे डाग सुटायचे. मग जरा बारीक. आता तर इतके पुसट डाग सुटत, की वहिनीलाही श्वास रोखून बघावं लागे. घरी मात्र हीच ताई बिनचष्म्याने एका झटक्यात सुईत दोरा ओवायची. अंधारातली नजर वेगळी असेल, अशी वहिनीने मनाची समजूत घातली.

पहिली फुली तिने पुसता येईल अशी फिकट मारली होती. ज्या दिवशी फुली मारायचं तिचं धाडस होत नसे, त्या दिवशी ताईच "थांब गं, तो मघाचा परत बघते" म्हणून उठायची. मग हळूहळू वहिनीचा हात बसला. दोन वर्षांत एकही मॉनिटर तक्रार घेऊन परत आला नव्हता, आणि नाव ताईचं होत होतं. होऊ दे की! वहिनीला त्याचा अभिमानच वाटायचा. भीती एकाच गोष्टीची होती. हे उघडं पडलं, तर ताईची उभ्या आयुष्याची अब्रू जाईल, आणि पाठोपाठ दोघींच्याही चुली विझतील.

सोमवारी मालक अंधारखोलीच्या दाराशी आले. एका इस्पितळाचं मोठं काम मिळत होतं, पण त्यांना खात्री हवी होती. उजेड मोजायचं यंत्र त्यांनी आणवलं होतं. उद्या ताईने वीस मॉनिटर बघायचे, यंत्राने तेच मोजायचे, मग पडताळा.

"लिहायला मी बसेन," मालक म्हणाले. "वहिनी, तुम्ही बाहेर थांबा. आणि ताई, तुमच्यानंतर बघणारा बाहेरूनच आणावा लागेल. तो आपलं आपण लिहील. तेव्हा वहिनींचं काही सांगता येत नाही."

घरी जाताना वहिनी ताईच्या दोन पावलं मागे राहिली. सांगावं का? ज्या बाईने पडत्या काळात हात दिला, तिला कुठल्या तोंडाने सांगायचं, की ताई, तुम्हाला दिसत नाही हो? शेवटी तिने इतकंच सुचवलं, की डोळे आलेत म्हणून उद्या रजा टाकावी.

ताई हसली. "तुला गं कसली धास्ती? डोळे तर माझे तपासणार आहेत."

दुसऱ्या दिवशी ताई नेहमीसारखी अर्धा तास आधी गेली. डोळ्यांना अंधाराची सवय करून घ्यायची असते, असं ती दोन वर्षं सांगत आली होती. तेवढा वेळ दाराला आतून कडी असायची. पर्समध्ये एक लाल वही. त्यात औषधांच्या वेळा आहेत म्हणे.

मालक आत गेले. वहिनी बाहेर बाकावर बसली. पदराचं टोक पिळून पिळून तिने त्याची दोरी केली. ताई घरी बसली, की तिला एकटीला सोडायचं नाही, हे तिने तिथेच ठरवून टाकलं.

तासाभराने दार उघडलं. मालकांच्या हातात कागद होते आणि चेहऱ्यावर नवल.

"वीसपैकी वीस," ते म्हणाले. "यंत्राला न दिसलेले दोन डागसुद्धा."

वहिनीला आनंदाने रडू फुटलं. आणि मग ते मध्येच थांबलं. हे झालं कसं?

ताई डोळे किलकिले करत उजेडात आली. तिने वहिनीकडे पाहिलंही नाही. पर्समधली लाल वही काढून तिने मालकांच्या हातात दिली.

"रोज कुठल्या मॉनिटरवर कुठली चौकट मी मुद्दाम गाळली, ते तारखेनिशी यात आहे," ती म्हणाली. "दोन वर्षांचे कागद काढा आणि तिथे काय लिहिलंय ते पडताळून बघा. आणि आता लिहायला कुणीतरी शोधा, बघणारी बाहेर बाकावर बसली आहे."