सुरकुत्यांचा समुद्र

खिडकी झकास बसली आणि आमचे मालक क्लाइव्ह बुडाले. म्हणजे असं होऊच शकत नाही; ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळावरच्या ब्रोकन हिलमध्ये बुडायला पाणी आहे कुठे?

आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका गाडीच्या कापडी छतातली प्लास्टिकची मागची खिडकी तडकली होती. नवं प्लास्टिक मी नेहमीप्रमाणे उन्हात मऊ केलं आणि शिवून टाकलं. मग आत बसून मागे पाहिलं. आमचं आवार दिसायला हवं होतं, तिथे समुद्र होता.

"मालक, मागे लाटा दिसतायत."

"प्लास्टिक गार असताना ओढलंस, गाढवा! सुरकुत्या आहेत त्या."

"सुरकुत्यांवर पक्षी बसलाय."

क्लाइव्ह चिडून फडकं घेऊन गाडीमागे गेले. आतून मला ते गळ्याएवढ्या पाण्यात दिसले. निळा अ‍ॅप्रन भोवती फुगला होता. हात हलत होता. ते खिडकी पुसतायत असं मी धरून चाललो.

"आता दिसतंय का नीट?" त्यांनी विचारलं.

"अगदी नीट."

मग आवाज आला नाही. मी उतरून मागे धावलो. लाल धुळीत नुसतं ओलं फडकं पडलं होतं. परत आत बसून खिडकीतून पाहिलं आणि हा अर्ज लिहायला घेतला.

मा. किनारा सुरक्षा अधिकारी यांस नम्र विनंती: समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या आमच्या आवारात एक जीवरक्षक तातडीने पाठवावा. मालकांना पोहता येत नाही आणि त्यांचा हात अजून वर आहे.