हनुवटीवरची चीर

लढाईत गेलेल्या बापाचा पुतळा करायचा, तर फोटो एकच. लग्नातला, आणि त्यात तोंडभर मुंडावळ्या. शेवटी शिल्पकारानं मुलालाच, पन्नाशीच्या हणमंताला, समोर बसवून पुतळा केला.

चौकात पडदा सरकला आणि गाव खिदळलं. "हणमंता, बाप पंचविशीत गेला ना रं? मग दोन हनुवट्या कशा? का स्वतःचाच उरकून घेतलास?"

त्याची आई हौसाबाई हसली नाही. नवऱ्याचं प्रेत आलंच नव्हतं, त्यामुळं ती आजवर रडलीही नव्हती.

शिल्पकार ओशाळला. "आजी, हनुवटीवरच्या चिरेचं तेवढं माफ करा. कितीदा भरली, सकाळी पुन्हा उघडलेली असते."

हौसाबाईनं चिरेवरून बोट फिरवलं. "ह्यांना बैलानं शिंग मारलं होतं. हळदीच्या दिवशी."

हणमंतानं स्वतःची गुळगुळीत हनुवटी चाचपली. हे तिनं कधीच कुणाला सांगितलं नव्हतं.

तिनं डोक्यावरून पदर घेतला. "हणमंता, ह्यांना म्हणावं, लई उशीर केला. पोरगं तुमच्यापेक्षा म्हातारं झालं."

आणि तिथंच बसून तिनं हंबरडा फोडला.