गुडघाभर गवत

"मजुरी गवत कापायची देतो मी, काठी आपटायची नाही," बागमालक म्हणाला आणि थोरल्या जावेच्या हातातली काठी त्याने काढून घेतली.

बागेत झाडांखाली गवत गुडघाभर वाढलं होतं. कापायला थोरली आणि धाकटी, दोघी जावाच होत्या. गवत कापताना डावा हात आधी बुडाशी जातो, मूठ आवळते आणि मग विळा फिरतो. आत काय आहे ते डोळ्यांआधी हाताला कळतं. म्हणून आधी काठीने गवत झोडपून घ्यायचं, म्हणजे जनावर असलं तर निघून जातं. त्याला दहा मिनिटं लागतात. तेवढीही मालकाच्या डोळ्यांत खुपत होती.

काल धाकटीने सळसळ ऐकली होती. तिने तसं सांगितलं, तर मालकाने हसण्यावारी नेलं. या बागेत आपण जन्मात साप पाहिला नाही, कामचुकारांना काहीही निमित्त पुरतं, भीती वाटत असेल तर खुशाल घरी बसा, असं त्याने वर ऐकवलं.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण हातावर पोट, बोलणार काय? धाकटीला कामावर तिनेच आणलं होतं. तिला काही झालं तर दिराला काय तोंड दाखवणार? तिने धाकटीला मागे ठेवलं आणि जीव मुठीत धरून प्रत्येक वेळी आपला हात आधी घातला.

दुपारी मालकाची मुलगी आली. गाडीचं दार उघडताच तिचा कुत्रा उडी मारून सुटला आणि जावा गवत कापत बसल्या होत्या तिकडेच धावला.

"अगं, धर त्याला," मालक जिवाच्या आकांताने ओरडला. "गवतात जाऊ देऊ नकोस. परवाच तिथे घोणस पाहिलीये मी."

मुलीने पळत जाऊन कुत्र्याचा पट्टा पकडला आणि त्याला ओढत वाटेवर आणलं.

थोरलीचा डावा हात अजून गवतातच होता. तिने तो सावकाश बाहेर काढला. मग धाकटीच्या दंडाला धरून तिला उठवलं आणि वाटेवर, कुत्र्याच्या शेजारी आणून उभं केलं.

काम का थांबवलं, असं मालकाने दरडावून विचारलं.

"तुम्ही तुमच्या कुत्र्याला धरलंत," ती म्हणाली. "मी माझ्या जावेला धरलं."