ओली वाट

तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या नकाशांची जुनी पुस्तकं काका जिवापाड जमवत. नव्याने आणलेल्या पुस्तकातल्या नकाशावर त्यांनी सवयीने बोट फिरवलं आणि बोट काळं झालं. सगळा नकाशा कोरडा होता. डोंगरातून जाणारी एकच वाट ओली होती.

"दोनशे वर्षांची शाई ओली? चक्क फसवलं मला!"

"आपल्या जुन्या प्रतीशी ताडून तरी बघा," काकू म्हणाल्या.

वर्षानुवर्षं कपाटात असलेली ती प्रत काकांनी उघडली. तीच वाट, तशीच ओली. इथे मात्र ती नकाशाची चौकट ओलांडून कागदाच्या कडेपर्यंत आली होती.

काका काकूंकडे वळले. "तू हिला हात लावला होतास?"

"तुमच्या पुस्तकांना हात लावायची माझी काय बिशाद!" काकू मनगट खाजवत म्हणाल्या.

त्या मनगटावरून एक बारीक, काळी वाट वर बाहीत शिरत होती.